मुलांचं कपाट आणि तोंडावर आलेला पाऊस: वाचकांचे प्रश्न

या वेळी मुलांच्या खोलीबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. दिवाळीची साफसफाई आपल्या अंगवळणी पडलेली असते, पण मुंबईत मुलांच्या कपड्यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. हवामान खात्याच्या हिशेबाने पाऊस मुंबईत ११ जूनच्या आसपास येतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर झाला होता. त्यामुळे ‘शाळा सुरू व्हायच्या आधी बघू’ म्हणून थांबू नका. कापसाच्या गाद्या, पडदे, स्वेटर यांना कडक ऊन हवं असतं आणि ते मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत हमखास मिळतं.

मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांना मिळून दहा बाय दहाची एकच खोली. सुट्टीतले दोन दिवस हातात आहेत. दरवर्षी सगळं बाहेर काढते आणि रात्री झोपायच्या वेळी गाद्यांवर ढीग तसाच असतो. सुरुवात कुठून करू? (मुलुंड)

सगळं एकदम बाहेर काढता म्हणून ढीग राहतो, ताई. कपाटाचा एकच कप्पा काढायचा, निवडायचा, परत लावायचा आणि मगच पुढचा उघडायचा. संध्याकाळपर्यंत तीनच कप्पे झाले तरी ते पूर्ण झालेले असतात.

पहिला दिवस खोलीचा, दुसरा कपड्यांचा. उलटं केलंत तर घडी केलेल्या कपड्यांवर पंख्याची धूळ बसते. पहिल्या दिवशी सकाळी आधी पडदे, चादरी आणि उशांच्या खोळी मशीनला लावा, म्हणजे खोली झाडून होईपर्यंत ते वाळतील. मग वरून खाली या. पंख्याचा स्विच बंद करून पात्यावर जुनी उशीची खोळ चढवायची, दोन्ही बाजूंनी दाबायची आणि आपल्याकडे ओढून घ्यायची. धूळ खोळीतच राहते, पलंगावर पडत नाही. एसीची जाळी काढून मागच्या बाजूने पाण्याची धार सोडायची. पाणी साधंच हवं, गरम पाण्याने जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच ती बसवा. ओली बसवली तर पहिल्याच रात्री खोलीला कुबट वास येतो आणि आपण मेकॅनिकला फोन लावतो.

त्यानंतर खिडकी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची खालची पट्टी बहुतेक घरांत वरवर पुसली जाते. तिच्या बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या एक-दोन फटी असतात. पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जायची वाट तीच. वर्षभराची धूळ, कबुतराची पिसं, पेन्सिलीची साल आणि मुलांनी कोंबलेले चॉकलेटचे कागद मिळून त्या फटी बुजतात. जुलैत पावसाची झड आली की पट्टी तुडुंब भरते आणि पाणी आत, थेट अभ्यासाच्या टेबलाखाली उतरतं. लोक मग खिडकीचं सिलिकॉन पुन्हा भरून घेतात आणि पाणी पुढच्या झडीला परत येतं. जुना टूथब्रश आणि विणकामाची सुई घेऊन फट मोकळी करा. मग कपभर पाणी पट्टीत ओता. ते काही सेकंदांत बाहेर गेलं नाही, तर आत अजून काहीतरी अडकलेलं आहे.

पडदे थोडे दमट असतानाच रॉडवर चढवा, स्वतःच्या वजनाने सरळ होतात आणि इस्त्री वाचते. बेडच्या बॉक्समधलं सामान शेवटी काढा आणि गाद्या उन्हात असतानाच तो आतून पुसून घ्या. हायड्रॉलिकचा बेड असेल तर फळी उघडी असताना मुलांना खोलीबाहेर ठेवा.

आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे. जुलै आला की मुलीच्या फ्रॉकवर काळे ठिपके, कपाटाला वास. डांबरगोळ्या ठेवते, कापूर ठेवते, तरी तेच. (गोरेगाव)

डांबरगोळ्या कसर आणि झुरळांसाठी असतात. ओल त्या शोषत नाहीत, त्यामुळे बुरशीला त्यांचा काही अडथळा होत नाही. लहान मुलांच्या कपाटात तर त्या नकोच. त्यांत नॅफ्थलिन असतं. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झाल्याचं वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ही कमतरता बाळाला आहे की नाही हे चाचणी केल्याशिवाय कळत नाही. कापूरही ओल घेत नाही, आणि मुलाने तोंडात टाकला तर झटके येऊ शकतात.

आता मूळ कारण. पावसाळ्यात बाहेरची भिंत खोलीतल्या हवेपेक्षा गार असते. दमट हवा त्या गार पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी तिथेच सुटतं, आणि कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मागे हवा हलतच नाही. म्हणून बुरशी आधी कपाटाच्या पाठीवर धरते, मग मागच्या कपड्यांवर, आणि आपल्याला दिसते ती सगळ्यात शेवटी. एसी लावून दार बंद ठेवलेल्या खोलीत बाहेरची दमट हवा मध्येच आत आली की हेच होतं.

कपाट सुटं असेल तर भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. भिंतीतच बसवलेलं असेल तर सुताराकडून दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जाळीची गोल भोकं पाडून घ्या. वर-खाली दोन्हीकडे हवीत. एकाच भोकातून हवा खेळत नाही. कप्पे गच्च भरू नका. मागे दोन बोटांची जागा आणि वर एक तृतीयांश मोकळं राहू द्या. खचाखच भरलेल्या कपाटात कोणतीही पुडी ठेवा, उपयोग होत नाही.

सिलिका जेलबद्दल बराच गैरसमज आहे. बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्या कपाटात टाकल्या की त्या दोन दिवसांत पाणी पिऊन तृप्त होतात, कारण कपाट हवाबंद नसतं. जेल उपयोगी पडतं ते घट्ट झाकणाच्या डब्यात. ४०-५० लिटरच्या प्लास्टिकच्या डब्याला १०० ग्रॅम पुरतं. केशरी दाण्यांचं घ्या. ते हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तासभर, फार तर दोन तास तापवलं की परत केशरी होतं. कपाटासाठी बाजारात कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. ते बरंच पाणी ओढतात, पण तळाशी जमलेलं खारं पाणी कलंडलं तर कपड्यांवर डाग पडतात आणि हाताला झोंबतं. ते मुलांचा हात न पोचणाऱ्या वरच्या कप्प्यातच ठेवा आणि दर आठवड्याला बघा.

पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. तो पिवळा बल्ब तापायचा, म्हणून आतली हवा कोरडी राहायची. एलईडी जवळजवळ तापतच नाही, त्यामुळे तो लावून फक्त वीज जाते. आणि जुना बल्ब कुठून मिळालाच तरी कपड्यांच्या गर्दीत तो लावू नका, आग लागण्याची भीती असते.

आत्ता जी बुरशी आहे ती कोरड्या फडक्याने झटकू नका, बी खोलीभर उडतं. मास्क लावा, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. मग पांढरं व्हिनेगर तसंच, पाणी न घालता लावा, तासभर ठेवा, पुसा आणि पंखा लावून कपाट दिवसभर उघडं ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. भिंत आतूनच ओली असेल, रंगाला फोड आले असतील, तर कपाटावर मेहनत करण्यात अर्थ नाही. सोसायटीला पत्र देऊन बाहेरची गळती आधी मेमध्येच बंद करून घ्या.

मोठ्याचे कपडे धाकट्यासाठी माळ्यावर ठेवते. चार वर्षांनी काढले तर निम्मे पिवळे, इलॅस्टिक ढिलं, चेन गंजलेली. कसे ठेवावेत? (चेंबूर)

चार वर्षं ठेवणं हीच पहिली चूक. इलॅस्टिकमधलं रबर मुंबईच्या उष्ण, दमट हवेत पडून पडूनही मरतं. धाकट्याला दोन वर्षांत येईल तेवढंच ठेवा. त्यापुढचं ओळखीच्यात देऊन टाका आणि गरज पडेल तेव्हा त्यांच्याकडून मोठ्या मापाचं घ्या. चड्ड्या, मोजे, बनियन जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

जे ठेवाल ते धुतलेलं हवं, एकदाच घातलेलं असलं तरी. घाम आणि दुधाचा डाग त्या दिवशी दिसत नाही, पण माळ्यावर वर्षभरात पिवळा होतो. खळ आणि स्टार्च पूर्ण काढून टाका, कारण कसरीला तेच खायचं असतं. इस्त्री केलेला कपडा गरम असतानाच घडीवर घडी ठेवू नका, वाफ आत अडकते. पंख्याखाली अर्धा तास पसरून ठेवा. चेनवर मेणबत्ती फिरवून घ्या, सहसा गंजत नाही.

डब्यावर वय लिहू नका, माप लिहा. ‘५-६ वर्षं’ हे एका कंपनीचं एक आणि दुसऱ्या कंपनीचं भलतंच असतं. पँटची कमरेपासून खालपर्यंतची लांबी आणि शर्टाची छाती, दोन्ही सेंटीमीटरमध्ये, चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या दर्शनी बाजूला लावा. धाकट्याच्या अंगात नीट बसणारी पँट टेपने मोजली की डबा न उघडता कळतं. माळा गच्चीच्या स्लॅबखाली असेल तर मेमध्ये तिथे भट्टी होते. शक्य असेल तर बेडच्या बॉक्समध्ये जागा करा. हवा काढून घेणाऱ्या पिशव्या गोधड्या आणि रजयांना चांगल्या, पण आत दमटपणा राहिला असेल तर त्यांच्या आतही बुरशी येते.

गिरगावात दीड खोली. नातवाला वेगळी खोली कुठली, लोखंडी कपाटातला एक कप्पा आणि पलंगाखालची ट्रंक एवढंच त्याचं राज्य. तुमचे सल्ले फ्लॅटवाल्यांसाठीच असतात. (गिरगाव)

आजी, तक्रार मान्य. पण एक कप्पा नीट लावला तर शाळकरी मुलाचे रोजचे कपडे त्यात बसतात. अट एवढीच, की घड्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या.

टी-शर्ट पालथा पसरा. दोन्ही बाजू आत घ्या, म्हणजे वीतभर रुंदीची सरळ पट्टी होते. बाह्या त्याच पट्टीत दुमडा. आता गळ्याकडून खालच्या कडेपर्यंत एक घडी घाला, पण काठाला काठ न टेकवता बोटभर अंतर ठेवा, आणि मग त्याच्या तीन समान घड्या. घडी टेबलावर उभी राहिली पाहिजे. आडवी पडत असेल तर पट्टी रुंद राहिली आहे. उंची कप्प्यापेक्षा इंचभर कमी ठेवा. चप्पल-बुटांची रिकामी खोकी झाकण काढून कप्प्यात बसवा, एकात चड्ड्या-बनियन, एकात मोजे-रुमाल. कपडे कमी झाले तर उरलेले कोसळतात, म्हणून खोक्याच्या बाजूला एक पुठ्ठा घाला आणि तो सरकवत राहा. अशा १८ इंच रुंदीच्या रांगेत टी-शर्ट बारा-पंधरा मावतात, आणि नातू मधला ओढताना वरचे दहा विस्कटत नाहीत.

ट्रंक जमिनीला टेकू देऊ नका. चारही कोपऱ्यांखाली विटेचे किंवा लाकडाचे तुकडे ठेवा. पत्रा गार असतो, त्याला लागून असलेल्या कपड्यावर पाणी धरतं आणि गंजाचे डाग पडतात. आत तळाला आणि बाजूंनी जुनी सुती साडी अंथरा. वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि कागद ओल धरतो. कडुनिंबाची पानं सावलीत कडकडीत वाळवलेली असतील तर मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. ओली पानं ठेवलीत तर तीच सडतात.

पाच वर्षांचा मुलगा अजून कधीमधी रात्री गादी ओली करतो. फोमची गादी आहे, वास जात नाही. ऊन द्यावं का? (भांडुप)

फोमच्या गादीला थेट ऊन नको. फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. कापसाच्या गादीला मात्र ऊन द्याच, आणि दोन-तीन वर्षांनी गादीवाल्याकडून कापूस पिंजून घ्या. काथ्याच्या गादीला सकाळचं दोन तास ऊन चालतं.

नुकतं झालेलं असेल तर आधी जुन्या टॉवेलने दाबून शोषून घ्या. घासू नका, ते खोल जातं. गरम पाणी नको, त्याने वास आणि डाग दोन्ही पक्के होतात. मग पांढरं व्हिनेगर आणि गार पाणी सारख्या प्रमाणात मिसळून फवारा, दहा मिनिटांनी टॉवेलने टिपा, वर खाण्याचा सोडा पसरा आणि रात्रभर ठेवून व्हॅक्यूमने ओढून घ्या.

जुन्या, वास मारणाऱ्या डागाला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. केमिस्टकडे बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं. हे ३ टक्क्यांवर आणायचं, म्हणजे जेवढं पेरॉक्साइड तेवढंच पाणी. अशा एक कप द्रावणात तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. हातमोजे घालून लगेच फवारा आणि उरलेलं ओतून टाका. बाटलीत बंद करून ठेवलंत तर वायू साचून बाटली फुटते. वाळल्यावर पांढरी पूड दिसते, ती ब्रशने झाडा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा, रंग उडू शकतो. आणि हायपो किंवा दुसरं क्लोरीनचं ब्लीच लघवीवर कधीच टाकू नका. त्यातल्या अमोनियाशी मिळून घशाला जाळणारा वायू तयार होतो.

गादी कशानेही ओली केलीत तरी पंखा पूर्ण वेगात ठेवून ती उभी करा, दोन्ही बाजू वाळू द्या. पावसाळ्यात हे जमणार नाही, म्हणून जूनच्या आधी पाणी न झिरपणारी, चेनची, सहाही बाजूंनी झाकणारी खोळ घालून टाका. वरून पसरायचं प्लास्टिक सरकतं आणि मूल घामेजून उठतं. या वयात हे अधूनमधून होणं अजिबात दुर्मीळ नाही, त्याच्यासमोर गादीची चर्चा नको. सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं किंवा लघवीला जळजळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शाळेचे पांढरे शर्ट हायपोत घातले तर आणखी पिवळे झाले! दोरीच्या तारेचे गंजाचे डागही आहेत. शिवाय यंदा युनिफॉर्म कितपत मोठा घ्यावा? (वडाळा)

शाळेचा शर्ट टेरिकॉटचा असतो, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताची मिसळ. घाम नीट न निघालेल्या अशा कापडाला क्लोरीन लागलं की ते पांढरं व्हायच्या ऐवजी पिवळं पडतं. दहा लिटर कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचचे दोन-तीन मोठे चमचे पूर्ण विरघळवा, शर्ट दोन ते चार तास बुडवून ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. कॉलरला आधी कपड्यांचा साबण लावून मऊ ब्रश मारा. नीळ शेवटच्या पाण्यात आणि अगदी थोडी.

गंजाला हायपो लावलात तर डाग कायमचा बसतो. लिंबाचा रस आणि मीठ डागावर चोळा, कपडा तासभर उन्हात ठेवा, धुवा. एकदा नाही गेला तर पुन्हा करा. तार बदलून नायलॉनची दोरी लावा. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर चालतो. डागाखाली कापसाचा थर ठेवून वरून थेंब टाका आणि कापूस बदलत राहा, नाहीतर शाई पसरते. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको.

माप: चार ते दहा वर्षांपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. त्यातली निम्मी वाढ पायांची धरा, म्हणजे पँटला वर्षाला तीनेक सेंटीमीटर लागतात. दुमड ५ सेंटीमीटरची घेऊन ठेवलीत तर दीड वर्ष निभावतं. कमरेला दोन मापं मोठी घेऊन पट्ट्याने आवळायची पद्धत सोडा, मूल दिवसभर पँट वर ओढत राहतं. शर्ट एक माप मोठा चालतो. दरवर्षी सगळे जोड नवे घेऊ नका, पण जुलैत कपडे वाळत नाहीत म्हणून जोड तीनपेक्षा कमीही नकोत.

मुलीला धुळीची ॲलर्जी आहे. डॉक्टर म्हणतात मऊ खेळणी काढून टाका, ती ऐकत नाही. (अंधेरी)

दोन आवडती ठेवा, बाकीची बाहेर. धुळीतले माइट डोळ्यांना दिसत नाहीत, दमट हवेत आणि माणसाच्या सुटलेल्या त्वचेवर जगतात. गादी आणि मऊ खेळणी ही त्यांची घरं. ६० अंशांच्या पाण्यात ते मरतात. इतकं गरम पाणी न सोसणारं खेळणं घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून फ्रिझरमध्ये किमान २४ तास ठेवा. थंडीने माइट मरतात, पण त्यांची विष्ठा खेळण्यातच राहते आणि ॲलर्जी तिचीच असते. म्हणून फ्रिझरनंतर धुवावंच लागतं. महिन्यातून एकदा हे करा. चादर-खोळी दर आठवड्याला ६० अंशांवर. खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि पुसताना मुलीला दुसऱ्या खोलीत बसवा. पलंगाशेजारचा जाड गालिचाही काढून टाका.

खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतरांचा सुळसुळाट. मुलांची खिडकी कशी साफ करू? (बोरिवली)

वाळलेली विष्ठा खरवडू नका, तिची धूळ फुप्फुसात जाते. मुलं बाहेर, खोलीचं दार बंद, तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. साबणाचं पाणी भरपूर फवारून दहा मिनिटं भिजू द्या, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधा. घरटं रिकामं असेल तरच काढा. नंतर ग्रिलला बारीक नायलॉनची जाळी ताणून बांधा. सैल असली तर त्यातूनच पक्षी अडकतो.

मुलांसाठी सुताराकडून कपाट करून घेत आहोत. काय सांगावं? (परळ)

लाकूडवाला ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल, त्यावर जाऊ नका. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो उकळत्या पाण्याला टिकणारा दर्जा. आयएस ३०३ चा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, प्लाय बाहेरच्या भिंतीशी नको. पार्टिकल बोर्ड तर ओलीने फुगतोच. पाठीच्या फळीला भिंतीकडच्या बाजूनेही लॅमिनेट किंवा निदान प्रायमर मारून घ्या. सुतार ती बाजू कोरी सोडतात, कारण ती दिसत नाही, आणि ओल तिथूनच शिरते.

मोठ्यांच्या कपड्यांना आतून २२ इंच खोली लागते, मुलांच्या हँगरला १६ ते १८ पुरते. लहान खोलीत ते चार इंच महत्त्वाचे. रॉड एकच उंच न लावता दोन: खालचा जमिनीपासून ३६ इंचांवर मुलाच्या हाताशी, वरचा ७२ वर, सध्या न लागणाऱ्या कपड्यांसाठी. बाजूच्या फळ्यांना दर दोन इंचांवर भोकं पाडायला सांगा, मूल वाढलं की फळी आणि रॉड हलवता येतात. हँगर मुलांच्या मापाचेच घ्या. मोठ्या हँगरने खांद्याला टोकं येतात आणि गळा ताणला जातो.

एक गोष्ट सुतार स्वतःहून करत नाही. सुटं कपाट आणि ड्रॉवरचं कपाट वरच्या कडेला दोन एल-क्लॅम्पने भिंतीत, गिट्टी मारून, घट्ट करून घ्या. मूल खालचे दोन-तीन ड्रॉवर उघडून पायऱ्यांसारखं चढलं की अख्खं कपाट अंगावर येतं. जड सामान खाली, वर काही मोह पाडणारं ठेवू नका. विटांवरच्या नुसत्या प्लास्टरमध्ये गिट्टी धरत नाही, भोक विटेत आत गेलं पाहिजे.

जुने कपडे काढले तर मुलगा परत कपाटात भरतो. बोहारणीला द्यावेत की संस्थेला? (दहिसर)

मूल झोपल्यावर गुपचूप पिशवी बाहेर काढली की पुढच्या वेळी ते हातातलं सोडत नाही. त्याला घालून बघायला सांगा. बटण लागत नाही, पोट दिसतं, हे त्याला स्वतःला कळलं की भांडण राहत नाही. तरी नको म्हणाला तर तारीख लिहून खोक्यात ठेवा. दिवाळीपर्यंत आठवण निघाली नाही, तर खोकं जाऊ द्या. सहा वर्षांच्या मुलाला सगळ्या कपाटाचा निर्णय देऊ नका, एका वेळी पाच कपडे पुढ्यात ठेवा, त्यातले दोन निवडू दे.

बोहारीण साड्या, पँटी, मोठ्यांचे कपडे मागते. मुलांच्या कपड्यांना भांडं सहसा मिळत नाही, मिळालं तर छोटं. गूंजसारख्या संस्थांना कपडे धुतलेले, बटणं-चेन धड असलेले लागतात. फाटकं-मळकं तिथे पाठवणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याकडे सरकवणं. युनिफॉर्म आधी शाळेतल्या खालच्या वर्गाच्या पालकांना विचारून द्या, मेमध्ये त्याला मागणी असते. शाळेचं चिन्ह असलेला शर्ट बाहेर देताना खिशावरचा बिल्ला उसवा.

फाटलेलं सुती कापड फडक्यांना आणि गोधडीच्या आतल्या थराला ठेवा. टेरिकॉटची फडकी करू नका, पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतात.